पंप घूं करते का?

(अमडापूरच्या पुढे, आतल्या रस्त्यावर बंद पडलेली, आत झोपायची-रांधायची सोय केलेली एक जुनी घरगाडी. फोन स्पीकरवर. दुपारचे तीन.)

समीक्षा : चाची म्हणाली होती मला, चाचा. सबीहाच्या बाळंतपणासाठी बुऱ्हाणपूरला जायच्या आदल्या दिवशी. 'हे रोज्यात एकच गोष्ट दोनदा इचारायले लागले, त समज साखर उतरली.' आणि मी काय म्हणाले? 'चाची, ते तर बाराही महिने दोनदा विचारतात.' हसण्यावारी नेलं मी.

रहेमतुल्ला : मंग बरोबरच बोलली तू. हे सांग, चावी फिरवली का पेट्रोलचा पंप घूं करते का?

समीक्षा : तिसऱ्यांदा विचारलंत हे.

रहेमतुल्ला : पंपाले तिनदा इचाराच लागते. पयल्या खेपेले पंप खोटं बोलते. चाळीस साल झाले, बेटी, गाड्यायची वायरिंग करून राह्यलो. तू मले शिकवते का?

समीक्षा : करतो घूं. दोन सेकंद करतो आणि थांबतो. तिन्ही वेळा हेच सांगितलं. तुम्ही साखर तपासलीत का आज?

रहेमतुल्ला : मशीन घरी आहे. मी आहो दुकानात.

समीक्षा : गोळी?

रहेमतुल्ला : सहेरीले घेतली. दोन.

समीक्षा : दोन? रोज्यात एकच सांगितली होती डॉक्टरांनी! चाचीनं जाताना चिठ्ठी चिकटवली होती ना फ्रीजवर?

रहेमतुल्ला : तुह्यी चाची गेल्यापासून फ्रीज कोण उघडते? च्या पेलो, दोन बिस्कुटं खाल्ले, गोळ्या घेतल्या, नमाज पढली. झालं.

समीक्षा : म्हणजे पहाटे पाचपासून दोन बिस्किटांवर आहात. घाम येतोय?

रहेमतुल्ला : मार्च महिना आहे बाई. घाम नाई त का थंडी वाजीन?

समीक्षा : हात थरथरतात?

रहेमतुल्ला : आता त लेटलो आहो बाकड्यावर. लेटलेल्या माणसाचे हात काय थरथरतीन?

समीक्षा : उठा. आधी उठून बसा. चाचा, मी सांगेपर्यंत आडवं व्हायचं नाही.

रहेमतुल्ला : उठलो. बसलो. पंप घूं...

समीक्षा : करतो!

रहेमतुल्ला : करते ना. मंग पंप जागी आहे. मीटरमंधी ते पिवळी बत्ती लागते का?

समीक्षा : लागते.

रहेमतुल्ला : मंग कंप्युटरही जागी आहे. इंजन फिरते?

समीक्षा : फिरतं, पण पकडत नाही. काल लोणारमध्येच झटके देत होती. आज निघाले ती तुमच्याकडेच यायला. शनिवारी सरोवर बघायला पाहुणे येणार आहेत, त्यांना गाडीत झोपायचंय. नवरा पुण्याला मुलाखतीला गेलाय. वाटलं, चाचांना दाखवून संध्याकाळी परत येईन. आणि इथं येऊन एकदम गप्प झाली.

रहेमतुल्ला : गाडी गप नाई होत. तिले कोणीतरी गप करते.

समीक्षा : तुम्ही खजूर आणलेत ना इफ्तारीला? डबा कुठंय?

रहेमतुल्ला : टेबलावर. काऊन?

समीक्षा : एक खा.

रहेमतुल्ला : पावणेसातले खाईन.

समीक्षा : आत्ता खा. बीमाराला माफी आहे, सबीहानं मला स्वतः सांगितलंय.

रहेमतुल्ला : सबीहा मौलाना झाली का? बेटी, मागच्या साली दवाखान्यात अकरा रोजे सुटले माहे. या साली एक नाई सोडत. तू सीट उचल. चालकाची. खाली इंजन दिसते.

समीक्षा : मला इंजिन बघायचं नाहीये! मला तुमच्यापर्यंत पोचायचंय!

रहेमतुल्ला : मंग इंजन पाहाच लागीन न.

रुक्मिणीबाई : काऊन वं माय, लेकरू काऊन इतकं रडून राह्यलं? अन् तू कोनासंग भांडते? इथी त कोनी दिसत नाई.

समीक्षा : फोनवर बोलतेय मावशी. गाडी बंद पडलीय.

रुक्मिणीबाई : मी तथून वांगे तोडता तोडता पाह्यलं. म्हनलं बाई एकटीच नाचून राह्यली रोडावर. मी रुक्मिणीबाई. ते वावर माहं. आन इकडे पोरीले. लाल झाली पाह्य रडून रडून. नाव काय?

समीक्षा : मयुरी. आठवा महिना. मावशी, तुमच्याकडे फोन आहे?

रुक्मिणीबाई : आहे न, घरी चार्जिंगले. घर तिकडे, टेकडामांगं. काय झालं त सांगशीन?

समीक्षा : हे रहेमतुल्ला चाचा. माझ्या मैत्रिणीचे, सबीहाचे वडील. ही गाडी यांनीच बांधून दिली आम्हाला, आतले दिवे, पाण्याची मोटर, सगळं. पिंपळगाव राजाला गावाबाहेर दुकान आहे, तिथं एकटे बसलेत. रोजा आहे, साखर उतरलीय, आणि काही खात नाहीयेत. बोलता बोलता ग्रुपवर लिहिलंय. मी फोन कापला तर आडवे होतील. आडवे झाले तर...

रुक्मिणीबाई : ओ मिस्त्री! ऐकू येते का? साखर खा न बापा! माह्या डॉक्टरनं चतुर्थी सोड म्हनलं, मी सोडली. देव काई घरी आला नाई इचारायले!

रहेमतुल्ला : कोण व्हय हे? तुह्या गाडीत लाऊडस्पीकर नाई बसवला मी.

रुक्मिणीबाई : बोलते त बरोबर माय. मजाक करून राह्यला म्हनजे अजून शाबूत आहे.

समीक्षा : चाचा, समोर कडूबा काका असतील ना टपरीवर? हाक मारा त्यांना.

रहेमतुल्ला : कडूबा नाई अथी. रमजान लागला तशी टपरी बंद केली त्यानं. म्हणे, 'मिस्त्री, तुमच्या नाकाखाली दिवसभर च्या उकळू का? माह्या मनाले पटत नाई.' लय समजावलं. नाई ऐकलं. आता किटली घेऊन बाजार-बाजार फिरते. आज मोताळ्याचा बाजार.

समीक्षा : वीस वर्षं समोर बसणारा माणूस. नेमका याच महिन्यात उठून गेला.

रहेमतुल्ला : इज्जत देल्ली त्यानं मले. तू काऊन रागावते?

समीक्षा : रागवत नाही. मघाशी तुमचा लागेना, तेव्हा त्यांना लावला होता फोन. वाजत होता, उचलला नाही.

रहेमतुल्ला : बाजारात कुठी ऐकू येते. सीट उचलली का?

समीक्षा : उचलली.

रहेमतुल्ला : मी देल्लेली टेस्टर बत्ती आहे? बल्ब अन् दोन तारा?

समीक्षा : आहे. गॅसच्या शेगडीखाली ठेवलीय.

रहेमतुल्ला : वा! कढया कुठी ठेवते मंग? घे ते बत्ती. एक तार इंजनच्या नटले लाव, आरथिंगले. चावी चालू ठेव. इंजनवर एका रांगेत चार बारके सॉकेट दिसतेत, ते इंजेक्टरचे. पयलं सॉकेट काढ अन् लाल पट्ट्याच्या तारेले दुसरी तार लाव.

समीक्षा : लावली.

रहेमतुल्ला : बत्ती लागली?

समीक्षा : नाही.

रहेमतुल्ला : दुसरं काढून पाह्य.

समीक्षा : नाही लागत. एकही नाही.

रहेमतुल्ला : करंटच नाई येऊन राह्यला इंजेक्टरले. पेट्रोल दारापर्यंत येते, पण दार कोण उघडीन? आता ते लाल पट्ट्याची तार हातात धर अन् मांगं मांगं जाय. सीटच्या खाली. तिले कुठी जोड आहे का?

समीक्षा : धरली. सीटखाली हात घातलाय.

रहेमतुल्ला : बेटी? जोड आहे का?

समीक्षा : आहे. काळी पडलीय पट्टी. वितळल्यासारखी झालीय.

रहेमतुल्ला : मी त जोड नाई देल्ला तथी. कोणी देल्ला?

समीक्षा : मी. म्हणजे मी लावून घेतला. मयुरीच्या झोळीवर पंखा बसवला, त्याला करंट तिथून घेतलाय.

रहेमतुल्ला : मी म्हणलं होतं तुले. इंजेक्टरच्या तारेतून काईच घेऊ नको. बॅटरीवरून न्यारी तार ओढून देतो, चार दिवस थांब म्हणलं होतं.

समीक्षा : तिला घामोळं आलं होतं, चाचा. रात्रभर रडायची. स्टँडजवळच्या मोबाइलवाल्यानं अर्ध्या तासात जोडून दिला. मग तुम्हाला सांगायची लाज वाटली.

रहेमतुल्ला : तेव्हाच सांगतलं असतं त मी रागावलो असतो. आता रागावतही येत नाई. जीभ जड झाली.

समीक्षा : जीभ जड झाली? चाचा, खजूर. आत्ता. हात जोडते.

रहेमतुल्ला : ते तार तोड. पांढरी.

समीक्षा : पांढरी? आत्ता लाल पट्ट्याची म्हणालात.

रहेमतुल्ला : पांढरीच त म्हणलं. पंपाची.

समीक्षा : पंपाची कशाला तोडू? पंप चांगला आहे, तुम्हीच सांगितलंत!

रहेमतुल्ला : पंप घूं करते का?

रुक्मिणीबाई : आता काई खरं नाई, बाई. माह्या सासऱ्याचं असंच झालं होतं. बैलाचं नाव घेऊन पोराले हाका मारे.

समीक्षा : मावशी, प्लीज. चाचा, तुम्ही मला सांगा, आपण कोणती तार म्हणत होतो? आठवा. मला एकटीला नाही जमणार.

रहेमतुल्ला : लाल पट्टा. लाल पट्टाच. पांढरी नको तोडू. म्या पांढरी म्हणलं का?

समीक्षा : म्हणालात.

रहेमतुल्ला : या अल्लाह. चाळीस सालात कोणाले चुकीची तार नाई सांगतली मी.

समीक्षा : म्हणून म्हणतेय, खा. तुमच्या रोज्याचं मला कळत नाही, चाचा. पण तुमच्या कामाचं कळतं. तुम्ही चुकीची तार सांगताय.

रहेमतुल्ला : ऐक. तुह्यी गाडी सुरू झाली का मले आवाज ऐकव. आवाज ऐकला, मी खजूर तोंडात टाकीन. जबान देतो.

समीक्षा : उलटं करा ना. आधी खजूर.

रहेमतुल्ला : नाई. काम अर्धं सोडून तोंड चालवलं नाई मी कधी. अन् आज त रोजा तोडाचा आहे. एवढ्याशा कामासाठी तरी पुरा करू दे.

रुक्मिणीबाई : अवं, त सांग न सुरू झाली म्हनून! ते बघ फटफटी येऊन राह्यली. धर फोन तिकडे.

समीक्षा : चाचा! ऐका! ऐकलंत? सुरू झाली!

रहेमतुल्ला : हे फटफटी व्हय. सायलेन्सर फुटला तिचा. मालकाले थांबव अन् सांग.

रुक्मिणीबाई : थांबला नाई मेला. पाह्यलं अन् गेला.

रहेमतुल्ला : समीक्षा, मले फसवू नको, बेटी. मले बसवत नाई आता. लवकर कर.

समीक्षा : करतेय. पंख्याची तार तोडू ना? फक्त पंख्याची?

रहेमतुल्ला : हाव. पंख्याची तोडून फेक. मंग मूळ तारेचे दोन टोकं. काळं झालं तेवढं काप. साफ तांबं दिसलं पाहिजे. सोन्यासारखं.

समीक्षा : सुरीनं कापतेय. भाजीची सुरी आहे. साल निघत नाही.

रहेमतुल्ला : दातानं काढ. पयले चावी बंद कर.

समीक्षा : केली बंद. निघालं. एका बाजूला तांबं दिसतंय. दुसरीकडे हिरवट आहे.

रहेमतुल्ला : अजून काप. हिरवं नाई चालत. हिरव्या तारेतून बत्ती लागते, पण इंजेक्टर नाई उघडत. तेच त... तेच त लोकायले समजत नाई. मीटर म्हणते करंट आहे. मीटर खरं, अन् गाडी उभी.

रुक्मिणीबाई : पाह्य, कसा नीट बोलून राह्यला. कामाचं इचारलं का डोकं चालते मिस्त्रीचं.

समीक्षा : म्हणूनच विचारतेय मावशी. चाचा, बोलत राहा. तार आखूड झालीय, टोकं जेमतेम भेटतात.

रहेमतुल्ला : भेटतेत न? मंग झालं. एकमेकाले पीळ दे. दोरी वळते तसा. सांडशीनं आवळ.

समीक्षा : आवळली. पट्टी नाहीये माझ्याकडे. वायरची पट्टी नाही. मयुरीच्या औषधांत जखमेची चिकटपट्टी आहे.

रहेमतुल्ला : लाव. पट्टी कायचीही चालते. सबीहा...

समीक्षा : समीक्षा. मी समीक्षा आहे, चाचा.

रहेमतुल्ला : सबीहा, अम्मी उठली का? सहेरीची येळ झाली. तिले म्हण, च्या नको. मले पाणी दे.

समीक्षा : चाचा! डबा टेबलावर आहे. हात लांब करा. डबा उघडा. चाचा, माझं ऐका, मी सबीहा बोलतेय. अब्बा, खजूर खा. सहेरी झाली नाही अजून, आत्ता खाता येतं. खा.

रहेमतुल्ला : अजान झाली का?

समीक्षा : नाही झाली. खा, अब्बा.

रुक्मिणीबाई : खोटं बोलली त काई पाप नाई लागत. बोल अजून.

समीक्षा : अब्बा, डबा उघडलात?

रहेमतुल्ला : झाकण... झाकण घट्ट आहे. कोणी लावलं इतकं घट्ट?

समीक्षा : फोडा. खाली आपटा. काहीही करा.

रुक्मिणीबाई : कायचा आवाज व्हय हा? पडलं काईतरी.

समीक्षा : चाचा? डबा पडला का? चाचा, डबाच पडला ना?

रुक्मिणीबाई : पट्टी लाव. तू पट्टी लाव अन् चावी फिरव. रडाचं ते मंग रड.

समीक्षा : लावली. सॉकेट... चारही बसवली. मयुरीला मागं घ्या. फिरवते. लाग. लाग ना गं. लाग!

रुक्मिणीबाई : लागली वं माय!

समीक्षा : चाचा, ऐका! ऐकू येतंय का? हीच आपली गाडी! हे इंजिन आहे, फटफटी नाही! आता खा! तुम्ही जबान दिलीय मला! चाचा!

रुक्मिणीबाई : कानाले लावून ऐक.

समीक्षा : बोला ना.

रुक्मिणीबाई : झोपला असन.

समीक्षा : गाडी सुरू झाल्यावर झोपणारा माणूस नाही तो. सुरू झाली की बोनेटवर थाप मारतात, मग दुसरी गाडी घेतात.

रुक्मिणीबाई : इंजनच्या आवाजात काय ऐकू येईन? बंद कर. ऐकू श्वास चालते का.

समीक्षा : बंद केलं आणि परत लागलं नाही तर?

रुक्मिणीबाई : हे बी खरं.

समीक्षा : तुम्ही बसा आत, मयुरीला घेऊन. कशाला हात लावू नका. मी फोन घेऊन लांब जाते.

रुक्मिणीबाई : ऐकू आलं का काई? अवं, बोल न! ऐकू आलं का?

समीक्षा : खरखर येतेय. श्वास असेल. नुसती लाइनची खरखर पण असेल. मला कळत नाहीये मावशी. मयुरी झोपेत असली तरी तिचा श्वास मी दाराबाहेरून ओळखते. यांचा मला ओळखता येत नाहीये.

रुक्मिणीबाई : चाचीले लाव.

समीक्षा : सकाळपासून लागत नाही तिचा. सबीहा बाळंतीण आहे, तिचाही बंद. मावशी, आता फोन कापावा लागेल. दवाखान्याची गाडी सांगायला पाहिजे.

रुक्मिणीबाई : मंग काप.

समीक्षा : ते शुद्धीवर आले, 'बेटी' म्हणाले, आणि इकडं कोणीच नसलं तर?

रुक्मिणीबाई : काप, समीक्षा.

समीक्षा : चाचा, मी फोन ठेवतेय. सोडून नाही जात आहे. येतेय. ठेवते.

रुक्मिणीबाई : लागला?

समीक्षा : लागला... हो, पिंपळगाव राजा. पुरुष, सदुसष्ट. साखर. बोलत होते, आता बोलत नाहीत... नाही, मी तिथं नाहीये. तिथं कोणीच नाहीये... हो. हो. ठीक आहे.

रुक्मिणीबाई : काय म्हनते?

समीक्षा : खामगावहून निघतेय. अर्धा तास तरी लागेल. आणि मला सव्वा तास.

रुक्मिणीबाई : अर्धा तास. सासऱ्याचं त... जाऊ दे. मंगापासून त्या मोबाइलमंधी टाइप करून राह्यली होती न? ते तुह्ये ग्रुपवाले काय म्हनतेत?

समीक्षा : कॉलेजचा ग्रुप आहे. एकशे ऐंशी जण. पिंपळगावचेही आहेत त्यात. बत्तीस जणांनी वाचलंय. नऊ जणांनी हात जोडलेत. एकानं लिहिलंय, 'सर्व ग्रुपला फॉरवर्ड केले.'

रुक्मिणीबाई : अन् गेलं कोन?

समीक्षा : कोणीच लिहिलेलं नाही.

रुक्मिणीबाई : सरक. मी येतो तुह्यासंग. गाडी हाकताना लेकरू कोन धरीन?

समीक्षा : तुमची वांगी?

रुक्मिणीबाई : वांगे कुठी पळतेत? तू नीट लिही पुन्हा. जोरात वाच, मी ऐकतो.

समीक्षा : लिहितेय. 'पिंपळगाव राजात किंवा जवळपास असलेल्या, हे वाचणाऱ्याला. गावाबाहेर, मोताळ्याच्या रस्त्याला, बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या शेजारी रहेमतुल्ला मिस्त्रींचं वायरिंगचं दुकान आहे. ते आत एकटे आहेत. साखर उतरलीय. मघापासून उत्तर देत नाहीत.'

रुक्मिणीबाई : दुकान उघडं असते का दुपारचं?

समीक्षा : बरं झालं विचारलंत. 'उन्हासाठी ते शटर अर्धं खाली ओढतात. बंद आहे समजून परत फिरू नका. वाकून आत जा. बोलत असतील तर साखर द्या. ते नाही म्हणतील, तरी द्या. बोलत नसतील तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि शेजारी बसून राहा. दवाखान्याची गाडी निघालीय. मीही निघालेय, पण मी लांब आहे.'

रुक्मिणीबाई : पुन्हा हातच जोडतीन, पाह्य.

समीक्षा : 'आणि हे पुढं पाठवू नका. तुम्ही जा.'